पावसात टिकलेली, पडवीत कुजलेली कोरफड : कोल्हापुरातील एका बागेचे प्रकरण

कोल्हापुरात कसबा बावड्याच्या बाजूला असलेल्या एका बंगल्याच्या आवारात एकाच मातृरोपाची कोरफड तीन ठिकाणी वाढत होती. मूळ रोप घरच्या काकूंनी कागल तालुक्यातल्या माहेरच्या बांधावरून आणले होते आणि त्याच्या बुडाशी फुटणारी पिल्ले वेगळी करूनच पुढची सगळी लागवड झाली होती. काही पिल्ले मागच्या, पश्चिमेकडील कंपाउंडच्या भिंतीलगत जमिनीत लावली होती, काही फाटकाजवळच्या वाफ्यात, तर काही कुंड्यांत. एका पावसाळ्याच्या शेवटी भिंतीलगतची झाडे, ज्यांच्यावर जूनपासून सप्टेंबरपर्यंतचा सगळा पाऊस पडला होता, ती ठणठणीत होती. वाफ्यातली पिवळी पडून निम्मी गेली होती. आणि ज्या कुंड्या पाऊस सुरू होताच उचलून पडवीत आणून ठेवल्या होत्या, त्यांतली बहुतेक झाडे बुडातून कुजून आडवी झाली होती.

कोरफडीला पाणी कमी लागते आणि जास्त झाले की ती कुजते, हे कोणीही सांगतो आणि ते खोटेही नाही. परंतु या घरात सर्वांत कमी पाणी मिळालेली झाडेच सर्वांत जास्त मेली होती आणि रोप एकाच कुळीचे असल्यामुळे दोष वाणालाही देता येत नव्हता. म्हणून माती, कुंडी, उजेड आणि वारा यांत तिन्ही जागी नेमका कोणता फरक होता, ते एकेक करून पाहावे लागले.

जागा आणि हवा

बंगला नदीपासून पुरेसा उंचावर आहे, त्यामुळे महापुराचे पाणी तिथवर येत नाही. पण जमीन मूळची काळी, ऊसपट्ट्यातली. मागच्या भिंतीलगतचा पट्टा मात्र बांधकामाच्या वेळचा भराव आहे. विटांचे तुकडे, मुरूम, गिलाव्याचे ढेकूळ आणि वर वीतभर तांबडी माती असा तो सगळा माल, शिवाय त्याला बाहेरच्या गटाराकडे थोडा उतार आहे. ही जागा कशालाच उपयोगाची नाही म्हणून तिथे कोरफड लावली गेली. फाटकाजवळच्या वाफ्याची मात्र पहिल्यापासून बडदास्त ठेवलेली होती. २०२१ च्या महापुरानंतर नदीकाठच्या शेतातून आणलेला गाळ त्यात भरला होता, दरवर्षी शेणखत पडत होते, आणि जास्वंद व मोगरा तिथे खरोखरच चांगला येत होता. त्याच वाफ्याच्या कडेने कोरफडीची एक ओळ होती.

कुंड्या साधारण पंचवीस. त्यांत घरच्या कोरफडीबरोबर रोपवाटिकेतून आणलेले, कोरफडीच्याच गोतावळ्यातले काही शोभेचे अ‍ॅलोही होते. झुडपासारखा वाढणारा आर्बोरेसेन्स, करवती कडांच्या लहान पानांचा जुवेना, आणि पांढऱ्या पट्ट्यांचा व्हेरिगाटा, ज्याला रोपवाटिकेत टायगर अ‍ॅलो म्हणून विकतात. सगळ्या कुंड्यांत एकच मिश्रण भरले होते : निम्मे कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), पाव भाग गांडूळखत, पाव भाग माती. हे मिश्रण अलीकडे कोणत्याही झाडासाठी डोळे मिटून सांगितले जाते. कुंड्या बहुतेक प्लॅस्टिकच्या, काही भेट म्हणून आलेल्या चकचकीत चिनी मातीच्या, आणि दोन-तीन गंगावेशीतल्या कुंभाराकडच्या साध्या भाजलेल्या मातीच्या.

कोल्हापूर शहरात वर्षाला साधारण १००० मिलिमीटर पाऊस पडतो. गगनबावड्याकडे तो कितीतरी पटींनी जास्त असतो, त्यामुळे तिकडून आलेल्या माणसाला शहरातला पाऊस पाऊसच वाटत नाही. कोरफडीच्या दृष्टीने मात्र किती पडला यापेक्षा कसा पडला हे महत्त्वाचे असते. एप्रिल-मे महिन्यांतला वळीव तासाभरात गटारे भरून वाहवतो, पण दुसऱ्या दिवशी ऊन तापते आणि संध्याकाळपर्यंत माती कोरडी होते. जुलै-ऑगस्टमधली झड वेगळी. पाऊस जोराचा नसतो, पण तो थांबत नाही. आठवडा-आठवडा ऊन पडत नाही, दोरीवरचे कपडे तिसऱ्या दिवशीही ओलसर लागतात, आणि जे कपड्यांचे तेच कुंडीतल्या मातीचे होते.

यात झाडाच्या स्वभावाचीही भर पडते. कोरफड म्हणजे अ‍ॅलो व्हेरा, मूळची अरबस्तानच्या कोरड्या, खडकाळ डोंगरांतली. अ‍ॅलो या प्रजातीत आज ५०० हून अधिक जाती ओळखल्या जातात आणि त्यांतल्या बहुतेक आफ्रिका, मादागास्कर व अरबस्तान या भागांतल्या आहेत. या झाडांची पर्णरंध्रे दिवसा मिटलेली असतात. ती रात्री उघडतात, तेव्हा झाड कार्बन डायऑक्साइड आत घेऊन साठवते आणि दिवसा उजेड आला की त्यावर अन्न तयार करते. पाण्याची उधळपट्टी टाळण्याची ही युक्ती उन्हाळ्यात झाडाला तारते. पावसाळ्यात मात्र तिचाच तोटा होतो. जास्वंद किंवा तुळस कुंडीतले पाणी ओढून पानांवाटे उडवून टाकते, त्यामुळे तिच्या कुंडीत अधूनमधून वाफसा येतो. कोरफड तसे काही करत नाही. तिच्या कुंडीतले पाणी घालवण्याचे काम निचरा, ऊन आणि वारा यांनाच करावे लागते, आणि या तिघांनी पाठ फिरवली की पाणी तिथेच बसून राहते.

कुंडी उलटी केली तेव्हा

काकूंची तक्रार न्याय्य होती. “पाणी तर मी घालतच नव्हतो ओ, पावसाचा थेंब लागू दिला नाही,” असे त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या, आणि पडवीची जागा पाहिल्यावर त्यात अतिशयोक्ती नव्हती हेही दिसत होते. पडवी उत्तरेकडे तोंड असलेली, वर स्लॅब, दोन बाजूंना भिंती. पन्हळ नीट असल्यामुळे पागोळ्यांचे पाणीही कुंड्यांवर येत नव्हते. फरशी खराब होऊ नये म्हणून प्रत्येक कुंडीखाली थाळी होती.

प्लॅस्टिकची एक मोठी कुंडी निवडून ती वर्तमानपत्रावर उलटी केली. झाड हाताला लागताच बुडापासून सुटून आले; खोडाचा खालचा भाग तपकिरी, मऊ आणि आतून ओला होता. मातीचा गड्डा कुंडीच्या आकाराचाच बाहेर पडला. वरचा दोन बोटांचा थर भुसभुशीत व कोरडा होता, त्याखालचे कोकोपीट काळसर, गच्च आणि मुठीत दाबले की पाणी गळेल इतके ओले. मुळे चिमटीत धरून ओढली की वरचे साल मोज्यासारखे निघून हातात येत होते आणि मागे केसाएवढा धागा उरत होता. तळाशी खडीचा चार बोटांचा थर होता, त्यातल्या दगडांना शेवाळी चिकटपणा आला होता, आणि भोकावर ठेवलेली खापरी सपाट बसून तिच्याभोवती चिखलाचे जणू सील तयार झाले होते. थाळीत पाणी दिसत नव्हते, पण तिच्या कडेवर क्षारांच्या पांढऱ्या रेघा एकावर एक उमटल्या होत्या. म्हणजे पाणी तिथे बरेचदा साठले होते आणि खालून पुन्हा वर शोषले गेले होते.

घरी आठवड्यातून दोनदा बागकामाला येणारे मामा हे सगळे शेजारी उभे राहून पाहत होते. ते म्हणाले, “वैनी, ह्ये पाण्यानं न्हाई मेलं. पाणी आत गेलं ते भाईर आलंच न्हाई, म्हणून मेलं.” निदान म्हणून याहून नेमके वाक्य मला सुचले नसते.

घटनाक्रम जुळवल्यावर तो असा दिसला. मे महिन्यातल्या वळवाने आणि जूनच्या पहिल्या आठवड्यातल्या पावसाने कुंड्या पूर्ण भिजल्या. कोकोपीट स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरून ठेवते. भिजून जड झालेल्या कुंड्या तशाच पडवीत आल्या. तिथे ऊन नव्हते, वारा नव्हता, हवा दमट होती आणि झाड पाणी ओढत नव्हते. आत आलेले पाणी बाहेर जायला वाटच उरली नाही. मातीतल्या पोकळ्यांमध्ये हवेऐवजी पाणी भरले, मुळांना प्राणवायू मिळेना, ती गुदमरून मरू लागली आणि मेलेल्या मुळांवर पिथियम, फ्युजारियम यांसारख्या बुरशींना आयते घर मिळाले.

यापुढचा टप्पा सर्वांत फसवा आहे आणि माझ्या मते अशा बहुतेक घरांत झाड तिथेच हातचे जाते. मुळे गेल्यावर झाड पाणी घेऊ शकत नाही, म्हणून पाने पातळ होतात, आत वळतात, त्यांवर सुरकुत्या येतात. तहानलेले झाड नेमके असेच दिसते. जुलैच्या मध्यावर काकूंनी सुरकुतलेली पाने पाहिली, वरची माती बोटाने चाचपून पाहिली, ती कोरडी लागली, आणि दर आठवड्याला प्रत्येक कुंडीत “फुलपात्रभरच” पाणी द्यायला सुरुवात केली. वरचे दोन बोटे कोरडे होते हे खरेच होते. खाली वीतभर मात्र दलदल होती. त्याच सुमारास काकांनी औषधांच्या दुकानातून कॉपर ऑक्सिक्लोराइड आणून दोनदा फवारले. हे बुरशीनाशक जिथे पडते त्या पृष्ठभागावर संरक्षण देते. मुळाशी चाललेल्या कुजण्यापर्यंत ते पोहोचत नाही, उलट दमट दिवसांत पानांच्या बेचक्यांत आणखी ओल मात्र राहते. या घरात कोरफडीचा गर तोंडाला, केसांना आणि कधी पोटातही घेतला जातो, म्हणून फवारलेल्या झाडाची पात तूर्त कोणत्याही कामाला घेऊ नये हेही तेव्हाच सांगावे लागले.

तीन कुंड्यांत प्रकार निराळा होता. त्यांतली झाडे दोन-तीन दिवसांत पाणचट होऊन वितळल्यासारखी बसली होती आणि त्यांना उग्र दुर्गंधी येत होती. ही जिवाणूंमुळे होणारी मऊ कूज, आणि तिच्यावर घरगुती इलाज नाही. ती झाडे मातीसकट पिशवीत बांधून टाकून दिली. खतखड्ड्यातही घातली नाहीत.

तळाच्या खडीविषयी

कुंडीच्या तळाशी खडीचा जाड थर दिला की निचरा सुधारतो, ही समजूत इतकी रुजलेली आहे की काकूंना ती चुकीची असल्याचे पटायला वेळ लागला. बारीक कणांच्या मिश्रणातले पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहजासहजी उतरत नाही. बारीक पोकळ्यांची ओढ त्याला वरच धरून ठेवते. न पिळता दोरीवर टाकलेल्या टॉवेलच्या खालच्या काठात पाणी गोळा होऊन राहते, तसे प्रत्येक कुंडीत मिश्रणाच्या तळाशी एक चिंब पट्टा राहतोच, आणि मिश्रण जितके बारीक तितका तो उंच असतो. खडी घातल्याने हा पट्टा नाहीसा होत नाही, तो खडीच्या उंचीएवढा वर सरकतो, म्हणजे मुळांच्या आणखी जवळ येतो. यावर उपाय एकच : सगळे मिश्रणच भरड करायचे, म्हणजे चिंब पट्टा मुळात बोटभर उंचीचाही राहणार नाही. भोकावर खापरी ठेवायची असेल तर ती घुमटासारखी पालथी ठेवावी, सपाट नव्हे. त्याहून जाळीचा तुकडा बरा.

कुंडीचा आकारही यात मोडतो. ‘मोठी होईल’ म्हणून लहान पिल्लू मोठ्या कुंडीत लावले की मुळे नसलेली माती चौफेर उरते, आणि ती ओली राहण्याखेरीज दुसरे काही करत नाही.

वाचलेल्या झाडांची साक्ष

पडवीतल्या कुंड्यांपैकी जी थोडी झाडे धड होती, त्यांत गंगावेशीतल्या मातीच्या कुंड्यांमधली सगळी होती. मिश्रण तेच, थाळी तीच, पाणीही तेवढेच. फरक दोन : भाजलेल्या मातीच्या भिंतीतून ओल बाहेर उडते, आणि या कुंड्या लहान व दिसायला साध्या म्हणून पायरीच्या टोकाला सारलेल्या होत्या, जिथे त्यांना वारा आणि उघडीप मिळाली की संध्याकाळचे तिरके ऊन लागत होते. चकचकीत चिनी मातीच्या कुंड्यांतले एकही झाड वाचले नाही.

मागच्या भिंतीलगत एक पिल्लू उकरून पाहिले. मुळे पिवळसर पांढरी, ताठ आणि विटांच्या तुकड्यांना वेढून बसलेली होती. आदल्या रात्री पाऊस झालेला असूनही बोट खुपसले तर माती ओलसर लागत होती, ओली नव्हे. भरावातल्या मोठ्या पोकळ्यांतून पाणी लगेच उतारावरून निघून जात होते, भिंत पश्चिमेला असल्यामुळे सकाळपासून दुपारपर्यंत ढगांतून का होईना थेट उजेड मिळत होता, आणि वर आभाळ मोकळे असल्याने वारा खेळत होता. पाणी मुबलक आले आणि मुबलक गेले. पानांवर काही काळपट तांबडे ठिपके होते, पण असा पानांपुरता राहिलेला ठिपका झाडाचा जीव घेत नाही. खालची दोन-चार डागाळलेली पाने कापून टाकण्यापलीकडे तिथे काहीच करावे लागले नाही.

फाटकाजवळचा वाफा या दोन टोकांच्या मध्ये होता. काळी माती ओलीत फुगते आणि तिच्यातल्या पोकळ्या मिटतात; त्यात नदीच्या गाळाचे सूक्ष्म कण मिसळल्यावर पाणी मुरायला जागाच उरत नाही. शिवाय वाफ्याभोवती विटांची कड घालून तो खोलगट केलेला. जास्वंदीला त्याचे काही वाटले नाही. कोरफडीची ओळ मात्र जिथे वाफा सर्वांत खोल होता त्या टोकापासून पिवळी पडत आली होती, आणि उंच टोकाची झाडे अजून हिरवी होती. एवढ्या लहान जागेत कारण आणि परिणाम इतके सरळ रेषेत क्वचित दिसतात.

काय केले

कामाला सप्टेंबरच्या अखेरीस हात घातला, कारण झड संपली होती आणि जखमा वाळायला हवा अनुकूल झाली होती. प्रत्येक आजारी झाड उपटून, कुजलेला भाग धारदार सुरीने खालून वर चकत्या करत कापला. कापलेल्या खोडाच्या मध्यभागी तपकिरी वलय दिसेनासे होऊन स्वच्छ फिकट गाभा लागेपर्यंत थांबायचे नाही, एवढा एकच नियम. दर कापणीनंतर सुरी स्पिरिटने पुसली. काकूंनी जखमांवर हळद लावली, ती लावू दिली. त्याने अपाय नाही, पण खरे काम वाळण्याने होते. ही डोकी, म्हणजे खोडासकट उरलेले वरचे भाग, सावलीत, मोकळ्या हवेत, जुन्या चाळणीवर आठ-दहा दिवस ठेवली आणि कापलेल्या जागी कोरडी खपली धरल्यावरच कोरड्या मिश्रणावर टेकवली. पहिले पाणी नवीन मुळे धरल्यावर, म्हणजे साधारण तीन-चार आठवड्यांनी. मुळे धरली का हे पाहण्यासाठी झाड अलगद हलवून पाहायचे; ते अडले तर मुळे आहेत.

शेजारच्या एका वहिनींनी तुटलेली पाने मातीत खोचून पाहण्याचा सल्ला दिला होता. कोरफडीच्या पानापासून झाड होत नाही. इतर काही रसाळ झाडांमध्ये ते होते म्हणून हा गैरसमज पसरला आहे. कोरफडीला पिल्ले किंवा खोडासकट डोके हेच साधन. पिल्लूही चार-पाच पाने व स्वतःची मुळे आल्यावरच सोडवावे. कापताना निघणारा पिवळा चीक हाताला व कपड्यांना डाग पाडतो आणि काहींच्या कातडीला खाजवतो. त्यातले अ‍ॅलोइन जोरदार रेचक आहे, म्हणून गर काढण्यापूर्वी पात उभी धरून हा चीक पूर्ण निथळू द्यावा आणि मांजर-कुत्र्यांना झाड चावू देऊ नये.

मिश्रण जवळपास मिळणाऱ्या मालातूनच केले. भट्टीवरचा विटांचा चुरा आणि जांभ्याची बारीक खडी मिळून तीन भाग, तांबडी माती एक भाग, चांगले कुजलेले शेणखत एक भाग. चुरा आणि खडी दोन्ही चाळून घेतली : मैद्यासारखी खाली पडणारी भुकटी टाकून द्यायची, साधारण ज्वारीच्या दाण्यापासून हरभऱ्यापर्यंतचा कण ठेवायचा. बांधकामाची क्रश सँड वापरली तरी चालते, पण न धुता वापरली तर तिच्यातली दगडाची पूड चिखल करते आणि सगळी मेहनत वाया जाते. मिश्रण जमले की नाही याची कसोटी सोपी आहे. भरलेल्या कुंडीत तांब्याभर पाणी ओतल्यावर ते वर तळे न करता उतरले पाहिजे आणि काही क्षणांत खालून वाहू लागले पाहिजे. पहिल्या दोन कुंड्या या कसोटीत नापास झाल्या, कारण मामांनी झाडाच्या मायेपोटी शेणखत दुप्पट घातले होते.

थाळ्या काढून टाकल्या, प्रत्येक कुंडी विटेच्या तीन तुकड्यांवर उचलून ठेवली, आणि प्लॅस्टिकच्या कुंड्यांना बाजूने, तळाच्या लगत, आणखी भोके पाडली. चिनी मातीच्या कुंड्यांत झाड लावायचे नाही, हवी तर साधी कुंडी आत ठेवून पाहुणे येतील तेव्हा मिरवायची, यावर तडजोड झाली.

जागेचा प्रश्न गच्चीने सोडवला. आग्नेय कोपऱ्यात लोखंडी चौकटीवर पारदर्शक पॉलिकार्बोनेटचे पत्रे टाकले. बाजू मोकळ्या ठेवल्या आणि पश्चिमेकडून येणारे सपकारे जिन्याच्या खोलीच्या भिंतीने अडले. पत्र्याखाली उजेड भरपूर असतो, वारा असतो आणि सरळ पाऊस येत नाही. पडवीत यांपैकी फक्त तिसरी गोष्ट होती. या टप्प्यावर काकांनी उत्साहाने काही नवी डोकी थेट उघड्या उन्हात नेऊन ठेवली, आणि ऑक्टोबरच्या कडक उन्हाने त्यांच्या दक्षिणेकडच्या पानांवर राखाडी चट्टे पडले. पावसाळ्याच्या मंद उजेडात वाढलेल्या पानाला असे ऊन सोसत नाही. दोन-तीन आठवड्यांत हळूहळू सरकवत न्यावे लागते. भाजलेला चट्टा पुन्हा हिरवा होत नाही, नवे पान येऊन जुने गळेपर्यंत तो तसाच दिसत राहतो.

वाफ्यातली ओळ तिथून काढून मागच्या भिंतीकडे नेली. वाफा सुधारता आला असता, पण जास्वंद आणि कोरफड यांच्या गरजा एका वाफ्यात बसवण्याचा अट्टाहास मला निरर्थक वाटला. ज्यांना काळ्या जमिनीतच कोरफड लावायची आहे त्यांनी मुरूम आणि विटांच्या तुकड्यांचा दीड-दोन फूट उंच वरंबा करून त्यावर लावावी. खड्डा खणून त्यात वाळू भरू नये, कारण काळ्या मातीत खणलेला वाळूचा खड्डा पावसाळ्यात विहीर होतो.

पाण्याचे वेळापत्रक मुद्दाम दिले नाही. त्याऐवजी खराट्याची एक काडी प्रत्येक ओळीत ठेवली. ती कुंडीत तळापर्यंत खुपसायची, थोडा वेळ ठेवून काढायची, आणि खालच्या टोकाला ओल वा माती चिकटलेली असेल तर पाणी द्यायचे नाही. या पद्धतीने एप्रिल-मेमध्ये साधारण आठ दिवसांनी, थंडीत दोन-तीन आठवड्यांनी पाणी पडू लागले, आणि देताना मात्र खालून वाहीपर्यंत. फुलपात्रभर पाण्याची सवय सुटायला सर्वांत जास्त वेळ लागला.

पुढचा पावसाळा

पुढच्या वर्षी मे महिन्यात वळवाची चाहूल लागताच कुंड्या पत्र्याखाली गेल्या, म्हणजे त्या झडीत शिरल्या तेव्हा कोरड्या होत्या. जून ते सप्टेंबर या काळात त्यांना पाणी दिले गेले नाही. ऑगस्टमधल्या एका लांबलेल्या उघडिपीत फक्त लहान कुंड्यांना एकदा दिले. वाऱ्याने आलेले तुषार सगळ्यांवर पडतच होते. कोरफड आणि आर्बोरेसेन्स यांतले एकही झाड कुजले नाही. आर्बोरेसेन्स तर मूळचाच दक्षिण आफ्रिकेच्या उन्हाळी पावसाच्या भागांतही वाढणारा, त्यामुळे त्याने पावसाळ्यात वाढही केली. केनियाकडचा जुवेना थोडा विरळ, उंच झाला, कारण ढगाळ दिवसांत त्याला उजेड कमी पडला. थंडीत त्याचे शेंडे छाटून पुन्हा लावले.

एक नवी कटकट निघाली. पत्र्याखाली पावसाचे धुणे बंद झाल्यामुळे काही झाडांच्या पानांच्या बेचक्यांत पिठ्या ढेकूण दिसू लागला आणि मुंग्यांची रांग त्याच्याकडे जाऊ लागली. मुंग्या दिसल्या की बेचका उघडून पाहायचा, हे मामांनी लगेच धरले. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने कीड टिपली आणि मग साबणाच्या पाण्यात कालवलेले कडुनिंबाचे तेल संध्याकाळी मारले, तेव्हा ती आटोक्यात आली. एका कुंडीत मुळांवरही पांढरे पीठ होते; ते झाड धुऊन, वाळवून नव्या मिश्रणात लावावे लागले.

टायगर अ‍ॅलोची गोष्ट मात्र या सगळ्याच्या बाहेर राहिली. पावसाळा त्याने पार पाडला आणि पुढच्या एप्रिलमध्ये ते गेले. व्हेरिगाटा ही दक्षिण आफ्रिका व नामिबियाच्या रखरखीत पट्ट्यातली जात थंड हंगामात वाढते आणि कडक उन्हाळ्यात जवळजवळ निजलेली असते. काडीची कसोटी बरोबर होती, पण ती सगळ्यांना सारखी लावली गेली; उष्ण, निजलेल्या मुळांना दर आठ दिवसांनी मिळालेले भरपूर पाणी या झाडाला पचले नाही. अशा जातीला मार्च ते मे तीव्र उन्हापासून आडोसा आणि जवळपास कोरडी विश्रांती हवी, आणि पाण्याचा खरा हंगाम ऑक्टोबर ते फेब्रुवारी. पुण्यातल्या भाच्याने परदेशातून तसलेच झाड मागवून देतो म्हणून सांगितले होते. परंतु कोरफड सोडता अ‍ॅलोच्या बहुतेक जाती वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात येतात आणि परवान्याशिवाय त्यांची आयात करता येत नाही, हे कळल्यावर तो विषय मागे पडला. इथल्याच एखाद्या रोपवाटिकेत लहान रोप मिळाले तर काकू ते दिवाळीनंतर घेणार आहेत, आणि त्याची कुंडी काडीच्या ओळीत न ठेवता जिन्याच्या खिडकीशी वेगळी ठेवायची असे ठरले आहे.